नव्या जॅकची पूजा

लिफ्टचं दार कुणाच्याही तोंडावर बंद झालं, तरी आत उभे असलेले आमचे एक सहकारी कानाची पाळी धरून म्हणायचे, "सॉरी, माझंच चुकलं." सिंगापुरात पाया लेबारच्या आमच्या ऑफिसात सर्व्हर बसला, कॉफी पांचट निघाली, तरी चूक यांचीच. आम्ही मागे त्यांची नक्कल करायचो. तुमच्याही ऑफिसात असा एखादा भला माणूस असेल, आणि तुम्हीही त्याला हसला असाल.

क्वीन्सटाउनला ते माझ्याच ब्लॉकमध्ये राहायचे. शौक काय, तर कॅरव्हॅन! पलंग आणि ओटा असलेली, गाडीमागे जोडायची खोली. सिंगापुरात ती ठेवणार कुठे? म्हणून पलीकडे मलेशियात, जोहोरमध्ये, एका मित्राच्या आवारात. लाँग वीकएंडला मित्राचा पिकअप घेऊन ते आणि वहिनी समुद्रकाठी जायचे. त्या चिमुकल्या ओट्यावर वहिनी पिठलं करायच्या.

पिकअप सोडवला की कॅरव्हॅनचं तोंड पुढच्या जॅकवर टेकतं. अशाच एका सहलीत वहिनींनी आधी विचारलं, "चाकांना दगड लावलेत ना?"

"हो हो," ते म्हणाले.

लावले नव्हते. कॅरव्हॅन उतारावर सरकली, जॅक वाकला आणि ते लोखंडी तोंड वहिनींच्या पावलावर आलं.

हाड जुळलं, चाल लंगडी राहिली. आणि तेव्हापासून "माझंच चुकलं" हे शब्द वहिनींच्या वाट्याला एकदाही आले नाहीत. बोलणं फक्त जॅकचं. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांवर, माझा भात निवत असायचा आणि ते फोन पुढे धरायचे.

"हा बटणावर चालतो. पण खाऱ्या हवेत मोटर टिकेल का? हा हाताने फिरवायचा, पण खाली चाक आहे. चाक नकोच. सपाट पाय हवा."

एका रविवारी मला जोहोरला नेऊन त्यांनी कॅरव्हॅनची पाण्याची टाकीसुद्धा भरली आणि तोंडावर किती भार येतो ते मोजलं. "दुप्पट ताकदीचा घेऊ," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "जुना कच्चाच होता हो. जॅकचाच दोष."

मी मान डोलावली. दुसरं काय करणार?

वहिनी एकदा लिफ्टमध्ये भेटल्या. "खालच्या आजींची कुंडी मांजराने पाडली, तर हे जाऊन सॉरी म्हणून आले," त्या म्हणाल्या. "माझ्या पायाबद्दल चकार शब्द नाही. म्हणे, नवा जॅक आला की जाऊ. मी नाही जायची."

जॅक आला तो नेमका दसऱ्याच्या आदल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी पाटावर लॅपटॉप, पान्हे आणि मधोमध तो चकचकीत जॅक, हाताने फिरवायचा, सपाट पायाचा. मला प्रसादाला बोलावलं होतं. त्यांनी जॅकला हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला, दोन्ही कान धरले आणि पुटपुटले, "चुकलं-माकलं माफ कर."

वहिनी सोफ्यावर पाय लांब करून बसल्या होत्या.

"त्याला काय सांगताय?" त्या म्हणाल्या. "तो बिचारा कालच आलाय. आणि आधीच्याचाही काही दोष नव्हता."

मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण हातात शिऱ्याची वाटी होती. ते पाटापुढून उठले नाहीत, गुडघ्यांवरच वळले. हळदकुंकवाने माखलेला हात त्यांनी वहिनींच्या त्या पावलावर ठेवला.

"दगड लावले नव्हते," ते म्हणाले. "तू विचारलंस, तरी हो म्हणालो. माझंच चुकलं."

"अहो, पाय काय धरताय इतक्या लोकांत!"

इतके लोक म्हणजे मी एकटा. पाय मात्र वहिनींनी मागे घेतला नाही. मी वाटी खाली ठेवली. या माणसाची मी नक्कल करत होतो.

दिवाळीत दोघं जोहोरला गेली, मीही गेलो. "दगड लावले!" ते ओरडले. वहिनी लंगडत गेल्या, दोन्ही दगड चपलेने ढोसून पाहिले, आणि मगच त्यांना जॅकची मूठ फिरवू दिली. पुढच्या दसऱ्याला पाटावर जॅक नव्हता, ते दोन दगड होते.

आता ती दोघं पुण्याला असतात. कॅरव्हॅन त्या मित्राकडेच राहिली. मध्यंतरी मी जाऊन पाहिली. पत्रा गंजलाय, जॅक ठाकठीक आहे. दगड मात्र चाकांखाली नव्हते. मित्र म्हणाला, "वो तो भाभी साथ ले गयी."