काचेवरची टिचकी

आम्ही राहत होतो त्या परदेशी बंदरावरच्या वेधशाळेत आमची आत्या हवेचा दाब वाचायची. घरात तिला सगळे 'काटाआत्या' म्हणत, कारण चहा पितानाही तिचं लक्ष कुठल्यातरी काट्यावर असे. दाबमापकाचा काटा आळशी, काचेवर टिचकी मारल्याशिवाय खरं सांगत नाही, हे तिचं ठाम मत. आतोबांच्या शिडाच्या होडीतही तसलाच दाबमापक होता. ते मात्र बोटातल्या अंगठीने वाजवत. टिक, टिक. आत्या चिडायची, "काच फोडाल एक दिवस!"

विषुववृत्तावर तापून वर गेलेली हवा लांबचा प्रवास करून आमच्या डोक्यावर खाली उतरते. हाच जास्त दाबाचा पट्टा, आणि तो सूर्यामागोमाग सरकतो. उन्हाळ्यात आमच्यावर येऊन ठाण मांडतो तेव्हा ढग नाही, वारा नाही, दोरीवरचा कपडाही हलत नाही. हिवाळ्याकडे तो बाजूला झाला की पश्चिमेचे वारे पाऊस घेऊन येतात; तिथला पावसाळा हिवाळ्यातच.

त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. रागाच्या भरात आत्या टिचकी मारायचीच विसरली आणि काटा खालीच अडकून राहिला. "दाब कमी आहे, वारा मिळेल. जा एकदाचे!" असं ती म्हणाली, आणि ते गेले. पट्टा तर केव्हाच येऊन बसला होता.

भर समुद्रात वारा पडला. शोधायला गेलेल्या लाँच हात हलवत परत आल्या. आत्याने अन्नपाणी जवळजवळ टाकलंच. "मीच घालवलं त्यांना," एवढंच म्हणायची.

उन्हाळा सरत आला तेव्हा एका दुपारी मी तिचा डबा घेऊन गेले. खोलीत आम्ही दोघीच. आत्याचे हात मांडीवर होते, आणि दाबमापकातून आवाज आला. टिक, टिक.

आत्या शांतपणे उठली, काटा पाहिला. "उतरतोय. पट्टा सरकला."

संध्याकाळी पश्चिमेचा वारा सुटला आणि त्याच्याबरोबर होडी आली. शीड वर चढवलेलं, सुकाणूवर कोणी नाही. आत आतोबांचा चष्मा होता, घडी घातलेला सदरा होता. माणूस नव्हता. मला तिथून पळत सुटावंसं वाटत होतं.

आत्या होडीतल्या दाबमापकासमोर उभी राहिली. "रागावलात का हो माझ्यावर?" असं विचारून तिने बोटाने हळूच दोन टिचक्या मारल्या.

आतून काचेवर अंगठी वाजली. टिक, टिक.

"काच फोडाल एक दिवस," आत्या म्हणाली, आणि तेव्हा कुठे ती रडली.