सुमनताईंचा शनिवार

सुमनताई कांबळे यांच्या टेबलाखाली चपलांचे दोन जोड असत. सकाळी आल्या की बाहेरच्या निळ्या पट्ट्यांच्या चपला काढून त्या जुन्या रबरी सपाता पायात सरकवायच्या आणि सुट्टीची बेल झाली की पुन्हा निळ्या चढवायच्या. सपाता कंपनीच्या, निळ्या स्वतःच्या. सपाता पायात असेपर्यंत त्या मान वर न करता काम करत. निळ्या चपला पायात गेल्या की मात्र मालकांनी हाक मारली तरी उपयोग नसे.

हे मी नोकरीच्या पहिल्याच दिवशी पाहिलं. आमची कंपनी ठाण्यात, कोलशेतला, मिठाईचे खोके बनवणारी. मी डिस्पॅचला लागले होते आणि सुमनताई पॅकिंगच्या सुपरवायझर होत्या. बेल झाली आणि आमचे मालक सबनीससाहेब केबिनमधून डोकावून म्हणाले, "सुमनताई, जरा ते नमुन्याचे खोके दाखवता का?" ताईंची एक चप्पल बदलून झाली होती, दुसरी हातात होती.

"साहेब, एक पाय घरी गेलाय," त्या अगदी शांतपणे म्हणाल्या. "दुसऱ्याने किती चालणार? उद्या सकाळी दाखवते."

मला वाटलं, संपली हिची नोकरी. साहेब हसले आणि आत गेले. दुसऱ्या दिवशी ते यायच्या आधीच नमुने त्यांच्या टेबलावर मांडलेले होते. नव्या नोकरीत जीव मुठीत धरून बसलेल्या मला हा प्रकार इतका आवडला, की त्याच आठवड्यात मीही डोंबिवलीहून येताना घरच्या जुन्या सपाता पिशवीत घालून आणल्या. ताईंनी त्या पाहिल्या आणि "अगं, सपाता आणल्यास, आता हिंमत कधी आणतेस?" म्हणून सगळ्यांदेखत माझी चेष्टा केली.

चेष्टा करणं हा त्यांचा आवडता उद्योग. हसायला लागल्या की मशिनच्या आवाजातही ऐकू येत. डबा खाताना सुकटीची चटणी सगळ्यांना वाटायच्या, पण दुसऱ्याच्या डब्यातलं न विचारता कधी घ्यायच्या नाहीत. इतक्या वर्षांच्या ओळखीत विचारायचं काय त्यात, असं मी एकदा म्हटलं. "विचारलं की देणाऱ्याला दिल्यासारखं वाटतं. नाहीतर नुसतं कमी झाल्यासारखं वाटतं," त्या म्हणाल्या आणि माझ्या डब्यातली भेंडी रीतसर मागून घेतली.

मग मंदी आली. मोठी गिऱ्हाइकं एकेक करून गळाली, एक मशिन झाकून ठेवलं गेलं. दिवाळीच्या तोंडावर एक भलीमोठी ऑर्डर मिळाली, पण अगदी पडत्या भावात. ती वेळेत गेली तर कंपनी तगणार होती. त्यासाठी शनिवारी काम करणं भाग होतं आणि शनिवार आमचा सुट्टीचा. ओव्हरटाइम द्यायची साहेबांची ऐपत उरली नव्हती. त्यांनी आम्हाला गोदामात गोळा केलं. आपण सगळे एक फॅमिली आहोत, दिवाळीपर्यंत शनिवारी प्रत्येकाने विनावेतन यावं, कंपनी वाचली तर आपण वाचू, असं त्यांनी सांगितलं. माणूस खोटा नव्हता. पण नाही म्हटलं तर पुढच्या महिन्यात कुणाचं नाव कापलं जाईल, हाच विचार प्रत्येकाच्या तोंडावर दिसत होता.

सुमनताईंनी हात वर केला. "साहेब, फॅमिली म्हणालात म्हणून विचारते. लग्नघरी आम्ही फुकटच राबतो. भाज्या चिरतो, पंगती वाढतो, कुणी पगार मागत नाही. पण लग्नघरचा माणूस आधी घरी येतो, चहा घेतो, या म्हणतो. गोदामात उभं करून सांगत नाही."

"म्हणजे मी प्रत्येकाच्या घरी येऊ?"

"फॅमिली असेल तर या."

कुणीतरी फिसकन हसलं. मलाही हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती. साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "पत्ते शोधणं हे डिस्पॅचचं काम. रविवारी माझ्याबरोबर चला."

तो रविवार मी जन्मात विसरणार नाही. कल्याणपासून सुरुवात केली आणि एकेक घर करत ठाण्याकडे आलो. साहेबांना वाटलं होतं, दारातून सांगून निघू. पण मालक घरी आला म्हटल्यावर त्याला दारातून कोण सोडतं? एका घरी पोहे, दुसऱ्या घरी लाडू आणि चहा तर सगळीकडेच. कुणी नारळ दिला, कुणी गावचे वाल. एका माउलीने तर भला थोरला लाल भोपळा गाडीत आणून ठेवला. फुकट काम मागायला निघालेला माणूस आहेर घेऊन परत चालला होता आणि दर दोन घरांनंतर पित्ताची गोळी चघळत होता.

पण गंमत एवढीच नव्हती. मशिनवरच्या गुरवांची आई अंथरुणाला खिळलेली होती आणि शनिवारी तिचं सगळं गुरवच बघत. गेली कित्येक वर्षं साहेब त्यांना रोज भेटत होते, पण हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी म्हातारीला नमस्कार केला आणि गुरवांना म्हणाले, "तुम्ही शनिवारी यायचं नाही." आणखी दोन घरांतही ते बोलावणं न करताच, चहा पिऊन उठले.

शेवटचं घर वर्तकनगरला, सुमनताईंचं. त्यांच्या यजमानांनी दार उघडलं. बुद्धमूर्तीपुढे ताजी फुलं होती, घर लखलखीत होतं. साहेब खुर्चीवरून उठून उभे राहिले आणि म्हणाले, "सुमनताई, अडचण आहे. शनिवारी या."

"तुम्ही आलात, फार बरं वाटलं," ताई म्हणाल्या. "पण मी नाही येणार."

घरी काही दुखणंखुपणं आहे का, असं साहेबांनी विचारलं.

"नाही हो, सगळं छान आहे. शनिवारी आम्ही दोघं उपवनला जातो. तळ्याकाठी बसतो, कणीस खातो. नाही म्हणायला घरात आजारी माणूसच लागतं का?"

साहेबांचा चेहरा उतरला. दिवसभर ज्यांच्या सांगण्यावरून वणवण केली, त्याच नाही म्हणत होत्या. ताईंनी त्यांना बसवलं आणि मऊ आवाजात म्हणाल्या, "रागावू नका, साहेब. मी सगळ्यांत जुनी. मी नाही म्हटलं आणि तरी सोमवारी माझ्या टेबलाशी दिसले, की बाकीच्यांना कळेल तुम्ही खरंच बोलावलंत. तोवर त्यांचं हो म्हणजे नुसती भीती आहे."

परतताना साहेबांनी माजिवड्याच्या सिग्नलला गाडी थांबवली. मग एकदम "कणीस!" म्हणाले आणि इतके हसले, की मागच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवला.

शनिवारी बरीच माणसं आली. साहेबही बाह्या सरसावून टेबलाशी बसले. पहिला खोका त्यांनी उलटा दुमडला, छापलेली बाजू आत आणि कोरी बाहेर. जन्म खोक्यांच्या धंद्यात गेलेला माणूस! त्यावर दिवसभर हसणं चाललं होतं. त्यांच्या बायकोने त्याच भोपळ्याचे घारगे करून आणले होते. सुमनताई आल्या नाहीत.

खरी परीक्षा सोमवारी होती. ताई नेहमीसारख्या आल्या, सपाता घातल्या, कामाला लागल्या. साहेब केबिनमधून निघून थेट त्यांच्या टेबलाशी आले. सगळ्यांचे हात थांबले.

"कसं होतं कणीस?" साहेबांनी विचारलं.

"जरा जास्त भाजलेलं," ताई म्हणाल्या.

सगळं गोदाम हसलं. त्या हसण्यात माझा कितीतरी दिवसांचा घोर निघून गेला. पुढच्या शनिवारी दोघांनी कारण न सांगता नाही म्हटलं आणि गंमत म्हणजे आदल्या खेपेला न आलेले काहीजण आपणहून आले. ऑर्डर वेळेत गेली, कंपनी तगली. आलेल्यांना साहेबांनी पुढे तेवढ्या रजा दिल्या.

दोन वर्षांनी ताई निवृत्त झाल्या. त्या दिवाळीत कामाची पुन्हा झुंबड उडाली. या खेपेला ओव्हरटाइम मिळत होता, पण जाणते हात कमी पडत होते. साहेब मला घेऊन वर्तकनगरला गेले आणि चहाचा कप हातात घेऊन, जरा घाबरतच म्हणाले, "शनिवारी येता का? रोजाने."

"येते. पण रोजाचे पैसे नकोत," ताई म्हणाल्या. "तेव्हा हो म्हटलं असतं, तर ते माझं होतं की नोकरीचं, ते मलाच कळलं नसतं. आता तुमची काही मी नोकर नाही. आता फुकट यायला मोकळी."

शनिवारी त्या यजमानांनाही घेऊन आल्या. टेबलाखाली त्यांच्या सपाता तशाच होत्या, कुणी हलवल्या नव्हत्या. ताईंनी वाकून पाहिलं, पायाने त्या हळूच बाजूला सारल्या आणि दिवसभर निळ्या चपलांतच खोके बांधत राहिल्या.