धोंडूकाकीचा पहिला नारळ

धोंडूकाकीला मंडळाने कधी बोलू दिलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. मंडळाचं नाव होतं 'आरोग्य, कला व मुक्त संभाषण उत्तेजक मंडळ' आणि त्याचा चिटणीस मी, विठू. सातवी पास झालेला गावात मी एकटाच, म्हणून चिटणीस. दुसरी काही लायकी नव्हती.

मंडळ काढलं गजाननरावांनी. तीस वर्षं कल्याणला भाताच्या वखारीवर काढून सव्वीस साली ते गावी परतले. आमचं गाव लोधिवलीच्या अलीकडे. जाताना ते गजा होते, येताना गजाननराव होऊन आले आणि साखळीचं घड्याळ घेऊन आले. गावाची तब्येत बिघडलीय, हे त्यांना आल्या आल्या दिसलं. मग काय विचारता! बुधवारी दीर्घ श्वसन. पहाटेपासून गुडघाभर चिखलात वाकलेल्या माणसांना देवळापुढे उभं करायचं आणि म्हणायचं, छाती भरून हवा घ्या. आमचा चांगो उभ्या उभ्या झोपला, तर त्याला शाबासकी मिळाली. गजाननरावांना वाटलं, समाधी लागली! शुक्रवारी चित्रकला. सगळ्यांनी कमळ काढायचं. वरच्या ठाकरवाडीतली कोंडी मोळी घेऊन आली होती, तिने भिंतीवर पिठाने नाचणारी माणसं काढली. काय जिवंत माणसं होती हो! ती पुसायला लावली, कारण ती कमळं नव्हती.

आणि शनिवारी मुक्त संभाषण. कुणीही उठावं, मनातलं बोलावं, घड्याळ लावून पाच मिनिटं. अट एकच, काय बोलणार ते दोन दिवस आधी लिहून द्यायचं. लिहिता येणारे गावात चौघे, त्यातले दोघे गजाननरावांचे सख्खे भाऊ. त्यामुळे वर्षभर भाषणं झाली ती गजाननरावांच्या उपकारांवर, आणि ती सगळी मीच वहीत उतरवली.

धोंडूकाकी आमच्या शेजारची. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, दोन खाचरं एकटी लावायची. आवाज असा, की बांधावरून हाक मारली तर नदीपलीकडची म्हैस मान वळवायची. गौरीच्या फेराची गाणी तीच जोडायची. आमच्याकडे रीत अशी, की गौर आली की बायका देवळामागच्या खळ्यावर फेर धरतात आणि गाण्यात ज्याचं घ्यायचं त्याचं नाव घेतात. ज्याचं नाव निघालं त्याने रागवायचं नाही, मुकाट नारळ द्यायचा. पण कुणी गाण्याआधीच आपणहून नारळ पुढे केला, तर त्याचा अर्थ, आधी माझं नाव घ्या. मग त्याला फेराच्या मधोमध उभं करतात आणि विचारलेल्याचं उत्तर दिल्याशिवाय सोडत नाहीत. शहाणा माणूस त्या वाटेला जात नाही.

तर त्याच खळ्यावर गजाननरावांची नजर गेली. मंडळाला सभागृह हवं होतं. भाद्रपदात आमच्याकडे जिकडे बघाल तिकडे भात नाहीतर चिखल, तेवढीच काय ती मुरमाची कोरडी जागा. कुणाला न विचारता त्यांनी खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली. शनिवारी काकी देवळात आली आणि म्हणाली, "मला बोलायचं हाय."

"लिहून आणा," गजाननराव म्हणाले.

तिने मला ओट्यावर बसवून लिहायला लावलं. "लिव रं विठू. खळं गेलं तर आमी फेर कुठं धरायचा? घरात बोललो तर नवरे मारतात, पान्यावर बोललो तर सासवा आयकतात. वर्साचं तेवढंच बोलनं आमचं. ते नका नेऊ." मी लिहिलं. गजाननरावांनी वाचलं, घडी केली, खिशात घातलं आणि म्हणाले, "हा विषय आरोग्याचाही नाही आणि कलेचाही नाही." मी मान डोलावली. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

कोनशिला बसवायचा दिवस धरला गौरीपूजनाचा. पाहुणे म्हणून कर्जतचे एक वकील बोलावले. पाहुण्यांना दाखवायला कला हवी, म्हणून फेरही ठेवला, फक्त कुणाचं नाव न घेता. कार्यक्रम गजाननरावांनी मला सांगितला: आधी धोंडूबाईंना श्रीफळ देऊन सत्कार, मग गायन. कल्याणला म्हणे सत्कार आधी असतो. गावची रीत ते तीस वर्षांत विसरले असतील, नाहीतर बायकांची म्हणून कधी ध्यानातच घेतली नसेल. मला रीत माहीत होती. मी ब्रसुद्धा काढला नाही. जन्मात एकदाच माझ्या गप्प बसण्याने कुणाचं भलं झालं.

दुपारी तीन वाजता गजाननरावांनी हसत हसत काकीच्या ओटीत नारळ घातला. बायकांत एकदम कुजबूज झाली. काकीने नारळ कपाळाला लावला आणि म्हणाली, "गजा, आता मधी उभा ऱ्हा." सत्कारातलाच भाग समजून ते उभे राहिले, फेटा सावरत! चाळीस बायकांनी भोवती फेर धरला.

"गजानं आनली दोरी गं बाय, गजानं आनली दोरी,
भर दिसाचं खुशाल करतो खळ्याची या चोरी!
बोला म्हंतो मोकळं गं बाय, बोला म्हंतो मोकळं,
तोंड उघडलं आमी तर म्हंतो, लिवून आना सगळं!
खळं कोनाचं, गजा, सांग, खळं कोनाचं?"

वकील मांडीवर थाप मारून हसले. गजाननराव म्हणाले, "पुरे, वेळ संपली," आणि घड्याळ काढलं. फेर थांबला नाही. ते डावीकडून निघायला गेले तर डावीकडे बायका, उजवीकडे गेले तर उजवीकडे बायका. पुरुष पारावर बसून बघत होते, कुणी हात लावेना. खळं कोनाचं, गजा, सांग. खुंट्या पायाखाली मोडल्या, दोरी मुरमात तुडवली गेली. अडीच तासांनी त्यांचा घसा सुकला आणि ते पुटपुटले, "तुमचं."

"मोट्यानं," काकी म्हणाली. "मनमोकळं."

"तुमचं!"

फेर सुटला. बायका रडल्या, हसल्या, काकी तर मटकन खाली बसली आणि मुरमावर हात फिरवत राहिली. मला इतका आनंद झाला की मी वही बंद करायची विसरलो.

महिन्याभरात गजाननरावांनी खळ्याच्या तोंडाशी फळी उभी केली. शेण टाकायला निघालेली काकी पाटी खाली ठेवून फळीपुढे थांबली आणि मला हाक मारली. "वाच रं."

मी वाचलं. "ही जागा मंडळाने उदार मनाने गावच्या स्त्रियांस बहाल केली आहे."

"आमचंच खळं आमाला दिलं?"

"हो काकी."

तिने फळीवरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "अक्षर कोनाचं?"

मी खाली बघितलं. "माझं."

तिने पाटीतला शेणाचा गोळा उचलला, फळीवर थापला, हात पुसला. "पुढल्या गौरीला पयला नारळ तू आन, विठू."

मी नेला. अंधार पडेपर्यंत मधे उभा होतो.