खाडीचं रीळ

मुख्याध्यापकांनी माझं पहिलं रीळ सगळ्या शिक्षकांना बोलावून दाखवलं, तेही मला न विचारता. निजामपुऱ्यातल्या आमच्या गच्चीवरून दिसणारे डोंगर आणि त्यांवरचे ढग पडद्यावर थंडी भरल्यासारखे थरथरत होते. "बाईंच्या हाताला कंप आहे," सर म्हणाले. सगळे हसले. मीही हसले. त्या माझ्या हसण्याचा मला आजही संताप येतो.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. मी भूगोल शिकवायचे. धाकट्या मामूंनी कुवेतहून एक जुना मूव्ही कॅमेरा आणला होता. थांबून थांबून एकेक चित्र घेतलं की सहा तासांचा देखावा दोन मिनिटांत धावतो, हे त्याच्या पुस्तिकेत वाचलं आणि डोक्यात बसलं की मुलांना ओहोटी दाखवायची. फळ्यावर बाण काढून कुणाला काय कळतं? ढगांचं रीळ ही नुसती तालीम होती.

पण कॅमेरा तर स्टँडवर होता. मग माझ्या हाताचा प्रश्न येतोच कुठे? एका दुपारी कठड्यावर चहाचा कप ठेवला, तर चहावर बारीक लाटा उठलेल्या. तेवढ्यात लाइट गेली, तळमजल्यावरचे कापड विणायचे लूम बंद पडले आणि चहा स्थिर झाला. जन्मापासून त्या हादऱ्यावर झोपलेली मी, मला तो कधी जाणवलाच नव्हता.

म्हणून खारबावला खाडीच्या बांधावर गेले. तिथे लूम नव्हते, पण वारा होता. स्टँडचे पाय मी पूर्ण लांब केलेले, कॅमेऱ्याचा पट्टा फडफडत होता, आणि दर वेळी बटण दाबताना माझंच बोट धक्का देत होतं. तेही रीळ वाया गेलं.

पुढच्या खेपेला बांधावर गवत कापणारी एक म्हातारी माझी धडपड बघत उभी राहिली.

"वारा हाय, बाई. एवढ्या उंच कशाला उभं करतेस त्याला? खाली बसव."

मी पाय आखूड केले, टोकं मातीत दाबली, पट्टा काढून टाकला, बटणाला हात लागू नये म्हणून लांबून दाबायची केबल जोडली. तिने गोणीत दगड भरून दिले. ती गोणी मी स्टँडच्या मधोमध टांगली, झुलू नये म्हणून बूड जमिनीला टेकवलं. मग तिने गवताचे भारे वाऱ्याच्या बाजूला रचले.

"आता हालतंय का?"

"नाही, मावशी."

"मंग घे तुजे फोटू."

दर दहा सेकंदांना एक चित्र, सहा तास. मध्ये मी भाकरी खाल्ली तेवढा वेळ केबल तिनेच दाबली.

धुऊन आलेलं रीळ घरच्या भिंतीवर लावलं. काठ जागचा हलत नव्हता आणि पाणी मागे मागे सरत चिखल उघडा करत होतं. मला रडू आलं.

सरांनी ते विज्ञान प्रदर्शनाला नेलं. पाटीवर लिहिलं होतं, संकल्पना आणि चित्रीकरण, आणि खाली त्यांचं नाव. मी शेजारी, प्रोजेक्टरची वायर धरून.

परीक्षकांनी विचारलं, "खाडीवर एवढा वारा असतो, तरी चित्र हललं कसं नाही?"

सर म्हणाले, "कॅमेरा परदेशी आहे ना!"

माझं डोकंच फिरलं. "परदेशी कॅमेऱ्याने दोन रिळं वाया घालवली," मी म्हणाले. "केबल, दगडांची गोणी, गवताचे भारे. सरांना विचारा, भारे कुठल्या बाजूला लावले होते."

सरांनी रुमाल काढून कपाळ पुसलं. परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, आणि पुढच्या टेबलाकडे गेले. बक्षीस शाळेला मिळालं. पाटी तशीच राहिली.

परतताना एसटीत सर म्हणाले, "चारचौघांत शाळेची शोभा केलीत."

"शाळेची नाही, सर. तुमची."

वर्षभर त्यांनी मला भूगोलाचा एकही तास दिला नाही. रीळ त्यांच्या कपाटात होतं, मी तीनदा लेखी मागितलं. सर निवृत्त झाले तेव्हा कपाट रिकामं निघालं, म्हणून मी त्यांच्या घरी गेले.

"कुठलं रीळ?" त्यांनी दारातच विचारलं.

मी पायरीवर उभी राहून, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांना चोर म्हणाले. रीळ मिळालं नाही ते नाहीच. पण त्या शब्दाचा मला कधी पश्चात्ताप झाला नाही.