ती वर्गात बोलते, असं मी सांगितलं

के. आर. पुरमच्या ज्या शाळेत मी चौथीला शिकवते, तिथं गेल्या वर्षी प्रत्येक मुलापुढे टॅब्लेट आला आणि कानांवर हेडफोन. हजेरी दारातला कॅमेराच घेऊ लागला. मुलं धडा ऐकायची, उत्तरावर बोट ठेवायची आणि माझ्या पडद्यावर त्यांच्या नावापुढचा ठिपका हिरवा व्हायचा. पुण्यात मी बारा वर्षं घसा बसेपर्यंत ओरडून शिकवलं होतं. मला हा शांत वर्ग मनापासून आवडला. हे आधीच सांगते, कारण पुढे जे झालं त्याचा दोष यंत्रावर ढकलावा असं मला अजूनही अधूनमधून वाटतं.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी पालकसभा होती. खिडकीजवळ बसणाऱ्या एका मुलीचे वडील माझ्या टेबलाशी आले. चिकपेटेत साड्यांच्या दुकानात कामाला होते. माझ्या आडनावावरून ओळखून मराठीत बोलू लागले. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या इथलंच. मराठीत कन्नड मिसळलेली.

मी पडद्याकडे बघत सांगितलं, "छान चाललंय. सगळे धडे वेळेवर. वर्गातला सहभाग उत्तम."

"सहभाग म्हणजे?" ते पुढे झुकले. "इथं बोलती का ती?"

मला प्रश्नच कळला नाही. ते म्हणाले, "घरात एक शब्द नाही मिस. मे महिन्यात तिची आई गेली, तवापासनं नाही. मी लिहिलं होतं की शाळेच्या ॲपवर. तुमचं उत्तरपण आलं होतं. कळवल्याबद्दल आभार, आम्ही लक्ष ठेवू, म्हणून."

ते उत्तर मी लिहिलं नव्हतं. ते आपोआप जातं. त्यांचा निरोप मी उघडलाही नव्हता.

त्या क्षणी मी तिचा आवाज आठवायचा प्रयत्न केला. आठवेना. जूनपासून ती रोज माझ्यासमोर बसत होती, आणि तिचा आवाज कसा आहे हे मला माहीत नव्हतं. मागे दहा-बारा पालक रांगेत उभे होते. वडील माझ्या तोंडाकडे बघत होते.

"हो, बोलते की," मी म्हणाले. "स्वल्प हळू बोलते, पण बोलते."

त्यांचे डोळे भरून आले. "सरी, सरी, बरं मिस. मग झालं. सोमवारी डॉक्टरांकडं न्यायचं होतं. आता नको. मैत्रिणींत बोलती म्हणजे घरी पण बोलेल हळूहळू."

तेव्हा तरी थांबवायला हवं होतं. मी म्हणाले, "काळजी करू नका." आणि पुढच्या पालकांना बोलावलं.

सोमवारी पहिल्याच तासाला मी सगळ्यांना हेडफोन काढायला लावले आणि एकेकाला नावानं हाक मारली. तिची पाळी आली तशी ती उभी राहिली. तिनं तोंड उघडलं, मिटलं, आणि हात वर केला. शेजारची मुलगी सहज म्हणाली, "मिस, ती बोलत नाही ना." वर्गातल्या प्रत्येक मुलाला ते ठाऊक होतं.

शाळा सुटल्यावर मेट्रोनं चिकपेटेत गेले. दुकान शोधायला वेळ लागला. ते गादीवर बसून, उलगडलेल्या साड्यांच्या घड्या घालत होते. मला बघून लगबगीनं उठले, पोरीला काही झालं की काय असं त्यांना वाटलं असावं. समोर दोन गिऱ्हाइकं बसली होती. तरी मी तिथंच सांगून टाकलं, नाहीतर परत फिरले असते.

"शनिवारी मी तुम्हाला खोटं सांगितलं. ती वर्गात बोलत नाही. मला माहीतच नव्हतं. तुमचा निरोपही मी वाचला नव्हता."

ते पुन्हा खाली बसले. हातातली साडी त्यांनी नीट घडी करून बाजूला ठेवली.

"माझ्या आईनं काल पायस केलं," ते म्हणाले. "नात बोलायला लागली म्हणून. शेजारी पण वाटलं."

मला वाटत होतं, त्यांनी रागवावं. ते रागावले नाहीत. एका गिऱ्हाइकानं काठाचा रंग विचारला, तो त्यांनी सांगितला. मग मला म्हणाले, "मेट्रो आता गर्दीची असेल, स्वल्प थांबून जा." मी थांबले नाही.

डॉक्टरांची वेळ पुन्हा मिळायला तीन आठवडे गेले. ते तीन आठवडे माझ्यामुळे. त्या दिवसापासून मी रोज नावं घेऊन हजेरी घेते. तिच्या नावाशी थांबते, ती हात वर करते, मी तिच्याकडे बघून पुढे जाते. टॅब्लेटवरचे धडे त्यानंतर.

दसऱ्याच्या सुट्टीनंतर ती बोलली, पण माझ्याशी नाही. शाळेतल्या आयाबाई रोज डब्याच्या सुट्टीत तिच्या सुटलेल्या वेण्या घालून द्यायच्या. त्यांना ती कन्नडमध्ये म्हणाली, घट्ट नको, दुखतं. पुढच्या पालकसभेला वडील आधी जिन्याशी आयाबाईंना भेटले, बराच वेळ बोलले. माझ्याकडे आले ते प्रगतिपुस्तकावर सही करायला. तेच योग्य होतं.

मार्चमधल्या शिक्षकांच्या बैठकीत मुख्याध्यापिकांनी माझं कौतुक केलं. इतकी यंत्रं असूनही चौथीच्या वर्गात रोज नावानं हजेरी होते, मुलांशी आधी बोलणं होतं, सगळ्यांनी शिकण्यासारखं आहे, असं त्या म्हणाल्या. टाळ्या वाजल्या. मग त्यांनी विचारलं, "ही कल्पना सुचली कशी, सांगा ना सगळ्यांना."

मी उभी राहिले. सांगायचं ते सगळं तोंडात तयार होतं.

"असंच सुचलं," म्हणाले, आणि बसले.