निरगुडसरची बेगम

आळेफाट्याला कल्याणची एसटी लागली तेव्हा दादा एका ट्रकच्या खाली होते. आमच्याकडे वडिलांना दादा म्हणतात. ते फाट्यावरच्या गॅरेजमध्ये मेकॅनिक होते. मी हाक मारली तसे बाहेर आले, चिंधीला हात पुसले आणि माझी बॅग उचलून थेट गाडीत चढले. खिडकीची जागा धरून दिली. कंडक्टरला म्हणाले, "पोरगी एकलीच हाय, भाऊ. कल्याणला मावशी येईल तिची." मग खाली उतरून खिडकीशी उभे राहिले. गाडी हलली तेव्हा एवढंच बोलले, "लोकांचं आयकू नको. पर जे करशील ते नीट कर."

आई आली नव्हती. सकाळी निरगुडसरहून निघताना ती कांद्यात खुरपत होती. मी बांधावर उभी राहून "येते" म्हटलं. तिनं मान वर केली नाही.

तिचं चुकत होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही. मंचरच्या कॉलेजात मी एकांकिकेत काम केलं, बक्षीस घेऊन आले, आणि मुंबईला जाऊन नटीचंच काम करणार असं घरात सांगितलं, तेव्हा ती चुलीपुढं बसून शांतपणे म्हणाली होती, "धम्म घेतला तवा तुझ्या आज्यानं डफ सोडला, ढोलकी सोडली. पाटलाच्या दारात नाचनं-वाजवनं लई झालं म्हनला. आन तू पुन्हा तिथंच चालली व्हय?" आमच्या भागात नारायणगावला तमाशाच्या राहुट्या लागतात. बाई स्टेजवर गेली म्हणजे कुठं गेली, हे लोक स्वतःच ठरवून टाकतात. आईला उद्या त्या लोकांतूनच पाण्याला जायचं होतं. मी मात्र गाडीत बसून मोकळी झाले.

कल्याणला मावशीच्या घरी राहून मी दिवसा एका कुरिअर कंपनीच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायचे आणि सुट्टीच्या दिवशी ऑडिशनला जायचे. कामं मिळाली. हिंदी मालिकांत माझ्या पात्राला कधी नाव असायचं, कधी नसायचं. काम एकच, कामवाल्या बाईचं, झाडू आणि चहाचा ट्रे. एका कास्टिंगवाल्यानं तर तोंडावर सांगितलं, "चेहरा बाई का है, बोली भी बाई की है. क्यों टेन्शन लेती हो?" तो काही वाईट माणूस नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि काही वर्षं मलाही ते पटत गेलं. पैसे वेळेवर यायचे. गावी फोन केला की दादा विचारायचे, आज काय काम होतं. मी म्हणायचे, "तेच."

सेटवर माझ्याबरोबर काम करणारी एक मैत्रीण मला भायखळ्याला नसीमआपांकडे घेऊन गेली. आपा म्हणजे सत्तरीला आलेल्या बाई, उर्दू शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. एका शाळेच्या हॉलमध्ये त्या उर्दू नाटकं बसवायच्या. त्यांनी माझ्यापुढं देवनागरीत लिहिलेलं एक पान ठेवलं आणि वाचायला सांगितलं. मी 'महफ़िल'ला 'मैफल' म्हटलं, 'क़लम'ला 'कलम' म्हटलं. जी गावाकडं 'आम्ही'चं 'आमी' करते तिच्या जिभेवर 'ह' टिकणार कसा? मग आपांनी विचारलं, रोज सकाळी यायला जमेल का. मला वाटलं, आता तरी उर्दूत बोलावं. मी म्हटलं, "मुझे कोई हरकत नहीं." हॉलमधले सगळे नट हसले. आपल्याकडे हरकत म्हणजे आडकाठी, तलाठ्याकडं घेतात ती. उर्दूत हरकत म्हणजे हालचाल, नाहीतर चाळे. मी दारात उभी राहून सांगत होते की माझ्यात काही हालचालच नाही.

आपा हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आवाज़ है. ज़बान हम देंगे."

मग सुरू झालं. ऑफिसच्या आधी भायखळा, तिथून ऑफिस. आपा एकेक अक्षर घशातून काढून दाखवायच्या आणि माझ्या गळ्यावर दोन बोटं ठेवून तपासायच्या. घरी मी 'ख़'चा सराव करू लागले की मावशीला वाटायचं पोरीला खोकला झालाय. तिनं मला अडुळशाचा काढा पाजला. मी उलट्या बाजूनं, उजवीकडून डावीकडं, उर्दू लिहायला शिकले. हळूहळू लक्षात आलं की निम्मे शब्द आपल्या घरातलेच आहेत. तालुका, जिल्हा, फिर्याद, दस्त, हजर. दादा कोर्टाच्या कामाला घोडेगावला जायचे तेव्हा हेच बोलून यायचे. फक्त ते शब्द तिकडं वेगळ्या कपड्यांत राहत होते.

नाटकात आधी दोन वाक्यं मिळाली, मग एक प्रवेश, मग एक अख्खी भूमिका. नाटक पाहायला आलेल्या एका दिग्दर्शकानं मला उर्दू चॅनलच्या मालिकेसाठी बोलावलं. भूमिका होती एका जुन्या घराण्यातल्या विधवा बेगमची. दीर तिला घराबाहेर काढू पाहतो आणि ती सगळ्यांपुढं उभी राहून सांगते, "इस घर के फ़ैसले अब इसी दालान में होंगे, और मेरे सामने होंगे." ऑडिशनला माझ्याआधी लखनौच्या दोघीजणी होत्या, दोघींची बोली मधासारखी. मी आत गेले आणि ते वाक्य म्हणताना मला आमच्या वस्तीतल्या बायका आठवल्या. पाण्याच्या टाकीवर हक्क सांगायला ग्रामपंचायतीपुढं उभ्या राहिल्या होत्या त्या. आवाज न चढवता बोलायच्या. मी तसंच बोलले. मग दिग्दर्शक म्हणाला, "बेगम मिल गई."

मालिका चालली. लोक मला रस्त्यात आदाब करू लागले. पहिल्या भागात नावं आली तेव्हा माझं नाव उर्दू लिपीत सर्वांत वर होतं, आणि ते मला कुणी वाचून दाखवावं लागलं नाही. पुढं त्याच दिग्दर्शकानं उर्दू सिनेमा काढला, त्यातही मुख्य भूमिका माझीच, एका दुकान चालवणाऱ्या बाईची. लखनौच्या एका समारंभात त्यासाठी बक्षीस मिळालं. तिथं शेरवानीतले एक म्हातारे गृहस्थ जवळ आले आणि अदबीनं विचारू लागले, "बेटी, आप लखनऊ के किस मोहल्ले से हैं?" मी म्हटलं, "निरगुडसर." त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "अच्छा, पुराने शहर की तरफ़ होगा." मी मान हलवली. हॉटेलच्या खोलीवर येऊन आपांना फोन लावला आणि आम्ही दोघी हसत सुटलो. हसता हसता आपा रडायला लागल्या, मग मीही.

हे सगळं होत होतं तेव्हा आई फोनवर पाऊसपाणी, कांदा, म्हैस एवढंच बोलायची. कामाबद्दल तिनं कधी विचारलं नाही. दादा मालिका बघायचे, पण फाट्यावरच्या हॉटेलात.

मागच्या वर्षी वस्तीतल्या बचत गटाच्या बायकांनी ठरवलं की माझा सिनेमा गावात दाखवायचा. समाजमंदिरात प्रोजेक्टर आणला. दुपारची वेळ, खिडक्यांतून ऊन येत होतं. तेव्हा शेजारच्या वाडीवरचे मेंढरं राखणारे बिरूमामा घोंगड्या घेऊन आले आणि स्वतः शिडीवर चढून त्यांनी एकेक खिडकी झाकली. "आता बगा राव, कसा अंदार झाला," म्हणाले आणि पुढंच मांडी घालून बसले. आई येईल की नाही हे मला कुणी सांगत नव्हतं. सिनेमा सुरू झाल्यावर ती आली. मागच्या भिंतीला टेकून, पदर तोंडाशी धरून उभी राहिली. मी पडद्याकडं पाहिलंच नाही.

उर्दू फारशी कुणाला समजत नव्हती, पण कुणाचं काही अडलं नाही. सिनेमातला सावकार माझ्या दुकानाला कुलूप लावायला आला तेव्हा एक आजी मोठ्यानं बोलल्या, "मुडदा बशिवला ह्याचा." मी त्याला दारातून परत पाठवलं तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या. दिवे लागले. बायका आईभोवती जमल्या. ती म्हणाली, "बगता काय माज्याकडं? माजीच पोरगी हाय ती."

मग माझ्याजवळ आली. माझ्या कामावर ती पहिल्यांदाच बोलणार होती. म्हणाली, "त्यो कुलूप घिऊन आला तवा समद्यांला वाटलं तू आता रडशील. न्हाई रडलीस. ब्येस केलंस." आजवर माझ्यावर जे छापून आलं त्यात एवढं नेमकं कुणी लिहिलेलं नाही. नंतर घरी चहा पिताना तिनं हळूच विचारलं, "तिथं तुला मान देत्यात ना?" मी म्हटलं, "देतात." ती म्हणाली, "मंग तुझा आजाबी काय म्हनला नसता."

आता घरात टीव्ही आलाय आणि आई माझी मालिका चुकवत नाही. दादा गॅरेजवरून दमून आले की 'बसा' न म्हणता "तशरीफ ठेवा" म्हणते, आणि दादा तोंड फिरवून हसतात.

आमच्या गावातले जे चाकणला, ठाण्याला, दुबईला गेले, ते मला विचारतात, आता घर कुठलं समजतेस. मी कल्याणला फ्लॅट घेतलाय. मावशी आता माझ्याकडे राहते, आपा आठवड्याला येतात, आणि तिथं माझ्या उर्दूची लोक तारीफ करतात. मी ते नाकारत नाही, कमावलंय ते मी. पण परवा फोनवर मी आईला सांगत होते, "शूटिंग होतं, म्हणून फोन करता आला नाही." तिनं मला तिथंच थांबवलं.

"होतं काय?" ती म्हणाली. "व्हतं म्हन. आपल्यात व्हतं म्हनत्यात."

मी म्हटलं, "व्हतं."

"आता कसं," आई म्हणाली, आणि पुढचं ऐकायला फोन कानाला लावून बसली.