दुखणं माझं, घाई त्यांची

मिरजेला माझं ऑपरेशन झालं तेव्हा सगळे म्हणाले, जखम भरली की दुखायचं थांबेल. जखम भरली. दुखायचं काही थांबलं नाही. उजवी छाती काढली होती, काखेतल्या गाठी काढल्या होत्या आणि वर मोठ्या यंत्राखाली झोपवून विजेचा शेक दिला होता. त्या शेकानं कातडी आधी लाल झाली, मग काळी पडली, मग सोलून निघाली. नवी आली ती चामड्यासारखी ताठ. हात वर करायला गेलं की काखेत आतून कुणीतरी दोरी ओढतंय असं वाटायचं. संध्याकाळपर्यंत हात सुजून जड व्हायचा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, जे काढून टाकलं होतं तेच दुखायचं. जागा रिकामी आणि ठणका तिथंच! हे सांगायचं कुणाला? सांगितलं तर म्हणतील, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला.

साठच्या पुढची ती सालं. कॅन्सर हा शब्द आमच्या घरात कुणी तोंडातून काढत नव्हतं. 'तिचं ते मिरजेचं' असं म्हणायचे. घर कोरेगावात, बाजारपेठेत. पुढं भुसार मालाचं दुकान, मागं आम्ही. आम्ही म्हणजे मालक, सासूबाई, धाकटी जाऊ आणि माझी एकुलती एक मुलगी. दीर लष्करात, रजेपुरते यायचे. मुलगी अकरावीला होती, तेव्हा मॅट्रिक अकरावीलाच असायची. मॅट्रिकची परीक्षा तोंडावर आलेली आणि पोर हुशार, हे मी आई म्हणून सांगत नाही, तिचे मास्तर दुकानात येऊन सांगून जायचे.

मला पहिला संशय आला तो सासूबाईंच्या वागण्यावरून. लग्न झाल्यापासून ह्या बाईनं मला कधी सरळ हाक मारली नव्हती. भाकरी जाड झाली तरी माझं माहेर निघायचं, पातळ झाली तरी निघायचं. त्या सासूबाई एके दिवशी म्हणाल्या, "तू बस गं बाई, मी वाढते तुला." ही बाई गोड बोलायला लागली म्हणजे माझं काही खरं नाही, असं मी मनाशी धरलं.

डॉक्टरांनी घरी सोडताना एक व्यायाम शिकवला होता. भिंतीसमोर उभं राहायचं आणि बोटं मुंगीसारखी भिंतीवरून वर वर चढवायची. मी घेवड्याच्या पोत्यांमागं जाऊन ते करायची, कारण उघड्यावर लाज वाटायची. सासूबाईंनी बघितलं आणि केवढ्यांदा ओरडल्या, "अगं टाकं उसवतील! अवदसा आठवली व्हय तुला?" टाके कधीच काढलेले. पण ऐकतंय कोण? त्यांनी जुन्या लुगड्याची पट्टी फाडून माझा हात गळ्यात बांधून टाकला. घागर काढून घेतली, पोळपाट काढून घेतला, घेवडा निवडायचं सूपसुद्धा जावेच्या पुढ्यात सरकवलं. आमच्याकडं दुखत्या हाताला काम सांगणं म्हणजे पाप. झालं काय, बांधलेला हात आणखी आखडला आणि आणखी दुखायला लागला. मला मात्र ती माया वाटली नाही. मला वाटलं, ह्यांना माझा हात पाण्याच्या घागरीला लागायला नको आहे.

मग मालक. एकदा म्हणाले, सांगलीच्या पेठेत हळदीचा भाव काढायला जातो. आले ते मिरजेच्या दवाखान्यातल्या मलमाची ट्यूब घेऊन.

"हे सांगलीत मिळतं?" मी विचारलं.

"मिरज काय लांब हाय व्हय तिथनं?"

"मग डॉक्टरांना भेटला असाल."

"भेटलो."

"काय म्हणाले?"

"बरं हाय म्हणाले."

"एवढंच?"

"एवढंच गं. किती खोदशील!" आणि टोपी काढून झटकायला लागले. टोपीवर धुळीचा कण नव्हता.

मी दारात गेले की बोलणं थांबायचं. जाऊ माझ्याकडं बघायची आणि पटकन चुलीत फुंकर घालायची, चूल चांगली पेटलेली असताना. माझी खात्रीच झाली. आजार परत आला आहे, तो आता हातातून खाली उतरतो आहे, आणि ते माझ्याशिवाय सगळ्यांना माहीत आहे.

एवढ्यात मुलीच्या लग्नाचा विषय निघाला. कधी तर, भर परीक्षेच्या वर्षात! मुलगा सांगलीचा, वर्कशॉपात फिटर, घरचं चांगलं. मी म्हटलं, परीक्षा तर होऊ द्या. मालक म्हणाले, "परीक्षेत काय ठेवलंय? चांगलं स्थळ थांबत न्हाई." हाच माणूस आधी म्हणायचा, पोरीला मास्तरीण करीन. मग माझ्या ध्यानात आलं. आमच्यात घरात कुणी गेलं तर लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर पुढं तीन वर्षं नाव काढायचं नाही. त्यापेक्षा आई सवाष्ण जिवंत असताना उरकलेलं बरं. म्हणजे ह्यांनी हिशेब मांडला होता. माझ्या मरणाचा हिशेब, आणि त्यात पोरीची मॅट्रिक गेली होती.

मला राग आला, भीती वाटली, आणि खरं सांगते, राग जास्त आला. मरायचं तर मी मरणार, मग ते आधी मला नको का कळायला?

माझं माहेर कऱ्हाडजवळच्या मलकापूरचं. दोन दिवस माहेरी जाऊन येते म्हणून मी आगगाडीत बसले. कऱ्हाडचं स्टेशन आलं, उतरणारे उतरले, मी तशीच बसून राहिले. मिरजेपर्यंत एकटी जायची ती माझी पहिली वेळ. खिडकीला दुखरी बाजू आली होती, गाडीचा प्रत्येक हिसका काखेत बसत होता. समोरची बाई विचारत होती, कुठं निघाला, कशाला निघाला. तिलाही मी खोटंच सांगितलं.

डॉक्टरांनी तपासलं. दाबून बघितलं, हात वर करायला लावला. मी कळवळले. ते म्हणाले, "आजार परत आलेला नाही. कापताना शिरा तुटल्या, शेकानं कातडी आवळली, म्हणून दुखतं. हे दुखणं राहील. वर्षानुवर्षं राहील, कदाचित कायमचंच. पण त्यानं तुम्ही मरणार नाही. हात का बांधलाय? हात वापरा."

"खरं सांगताय ना?"

"खोटं सांगून मला काय मिळणार? तुमच्या मालकांनाही हेच सांगितलं, दोनदा."

मी बाहेर आले आणि तिथल्या नर्सला गाठून परत विचारलं. तिनंही तेच सांगितलं. मग जरा विश्वास बसला. स्टेशनवर बाकावर बसून मी हुंदके देऊन रडले. जगणार होते मी! आणि डोळे पुसता पुसता दुसरा किडा डोक्यात वळवळला. दोनदा सांगितलं? मग मालकांना हे ठाऊक आहे. मी मरत नाही हे ठाऊक असून लग्नाची घाई कसली?

परतले ती सरळ दुकानात शिरले. भर दुपार, गिऱ्हाईक नव्हतं. "आवं, मी मिरजेला जाऊन आले. मी मरत न्हाई. मग पोरीला घालवायची एवढी घाई का?"

मालक तागडी पुसत होते, ती त्यांनी खाली ठेवली. मग म्हणाले, "तू जगणार म्हणूनच."

मला कळेना.

"आता चारचौघांत हिंडणार फिरणार तू. हात दिसतो. आज न्हाई तर उद्या लोकं इचारणार. आईला असला आजार, मग पोरीच्या अंगात नसंल कशावरनं? एकदा का बोभाटा झाला की तिला कोण करणार हाय सांग! कळायच्या आत उजवून टाकायची, एवढंच मनात हुतं."

"आणि बघायला येतील तेव्हा मी कुठं?"

"माहेरी," ते म्हणाले. माझ्याकडं न बघता. "धाकटी उभी राहील तुझ्या जागी."

माझ्या मरणाला मी इतके दिवस भीत होते. ही माणसं माझ्या जगण्याला भीत होती. मी आत गेले, गळ्यातली पट्टी सोडली आणि चुलीत घातली.

पाहुणे आले त्या दिवशी मी माहेरी गेले नाही. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला आणि पाण्याचे तांबे मीच बाहेर आणले. जाऊ मागनं कुजबुजत होती, "आक्का, असं नगा करू." तांब्यांचं ताट एका बाजूला कलत होतं, पण नेलं. मुलाच्या आईची नजर पहिल्यांदा तिथंच गेली. "हाताला काय झालं?"

"मुरगळलाय," मालक म्हणाले.

"मुरगळलेला न्हाई," मी म्हटलं. "छातीचं ऑपरेशन झालंय. कॅन्सर हुता. आता न्हाई. आणि पोरीची परीक्षा व्हायची हाय."

त्यांनी पोहे खाल्ले, चहा घेतला, सांगलीच्या उन्हाळ्याचंही बोलले. जाताना मुलाची आई माझ्या बाजूनं अंग चोरून गेली. पुढल्या बाजाराच्या दिवशी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका आम्ही दिलीच नव्हती.

घरात जो तमाशा झाला तो झाला. सासूबाईंनी माझ्या माहेरच्या सात पिढ्या काढल्या आणि घागर माझ्यापुढं आदळून म्हणाल्या, "भर मग पाणी, लय शानी झालीस तर!" मी भरलं. अर्धी घागर, डाव्या हाताचा आधार देऊन. दुखलं, पण त्या शिव्यांनी मला बरं वाटलं. मालक मात्र बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मुलगी परीक्षेला बसली.

पेपर संपल्यावर एका सकाळी ती परसात माझे केस विंचरत होती. माझा हात अजून डोक्यापर्यंत पोचत नव्हता. विंचरता विंचरता तिनं विचारलं, "आई, मलाबी हुईल का गं ते?"

"छट्! काहीतरीच काय!" मी लगेच म्हटलं. विचार करायला श्वाससुद्धा घेतला नाही.

फणी थांबली. ती मागनं उठून माझ्यासमोर येऊन बसली. "हे डॉक्टर म्हणाले, का तू म्हणतीस?"

मिरजेला मी डॉक्टरांना सगळं विचारलं होतं. हे विचारायचं धाडस मला झालं नव्हतं.

"डॉक्टरच म्हणाले," मी सांगितलं आणि मांडीवरचे गळलेले केस गोळा करायला लागले.

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग मागं गेली आणि तिनं फणी पुन्हा हातात घेतली.